टॉफीचं वकीलपत्र

भोईवाड्याच्या काकांनी मला सावरलं, हे आधी सांगते; काय झालं ते मागाहून. कारण काय झालं ते सांगायला लागले की मधे कुत्रा येतो, आणि कुत्रा एकदा मधे आला की माणसं बाजूला राहतात, असा माझा परळमधला अनुभव आहे. तर काका. एवढ्या मोठ्या मुंबईत कुत्र्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोष न देणारा माणूस मी हा एकच पाहिला. माणसांच्या बाबतीत ते इतके न्यायी नव्हते. चहात साखर कमी पडली तर काकूंना बाजू मांडायची संधी न देता निकाल देऊन मोकळे व्हायचे. पण समोर कुत्रा आला की चष्मा पुसायचे, पाठ ताठ करायचे आणि कुत्र्यालाच विचारायचे, "हं, बोला. तुमचं काय म्हणणं आहे?"

काका माझे कोणी लागत नाहीत. मी गोंदियाकडची. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे भावाचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, जागा कमी झाली, आणि ओळखीतल्या एका बाईंनी मला परळच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाकाला आणून सोडलं. घर इतक्या वर की खिडकीपाशी जायचं मी टाळायची. मॅडम आणि साहेब दोघंही कामावर जाणारे, स्वभावाने चांगले, पण जेवण बहुतेक बाहेरून मागवणारे. मी रोज धास्तीत असायची, की ह्यांच्या एक दिवस लक्षात येईल, हिची आपल्याला गरजच नाही. आणि तेवढ्यात टॉफी आला. मॅडमनी फोनवर त्याचा फोटो पाहिला होता. "कान बघ गं त्याचे!" एवढंच म्हणून त्यांनी त्याला घरी आणलं. कान होतेच तसे, लांब, कुरळे, एखाद्या मुलीने सैल वेण्या घालाव्यात तसे. अंगावर पांढऱ्यावर तपकिरी डाग, डोळे असे की आपणच त्याचं काहीतरी वाईट केलंय असं वाटावं. मला कुत्र्यांची भीती वाटायची. पण स्वयंपाकापेक्षा टॉफीचं काम जास्त, तेव्हा तो आहे तोवर मी आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि भीती गिळून मी त्याचा पट्टा हातात घेतला.

टॉफी वाढला तसा त्याने सोफा खाल्ला, पडदे ओढले, आणि खाली पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी गच्चीसारखी जी बाग असते तिथे, कबुतरांचा थवा दिसला की मला पट्ट्यासकट फरफटत न्यायला लागला. एकदा एका वयस्कर बाईंना त्याचा धक्का लागला. त्या पडल्या नाहीत, बाकावर बसल्या, पण तक्रार झाली. त्यातून तो चपला उचलायचा. कोणाच्याही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली आणि मॅडम मला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू या. नाही जमलं तर कर्जतला माझ्या मैत्रिणीच्या फार्महाऊसवर ठेवू त्याला. मग तूसुद्धा गावी जाऊन निवांत राहा." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं. पण त्या 'निवांत' शब्दाने मला धडकी भरली. गावी माझी ट्रंक वहिनीने केव्हाच गोठ्याच्या पडवीत ठेवली होती.

काकांची आणि माझी भेट टॉफीने घडवली. भोईवाड्यात देवळापाशी लोक कबुतरांना दाणे टाकतात, तिथून जाताना त्याने असा हिसका दिला की पट्टा माझ्या हातातून सुटला. कबुतरं उडाली, हा त्यांच्या मागे, आणि मग कबुतरं हाती लागत नाहीत म्हटल्यावर सरळ शेजारच्या चाळीत शिरला. मी ओरडत, धापा टाकत जिना चढले तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक उंच, हडकुळे म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून पेपर वाचत होते, आणि त्यांच्या दारातली, त्यांचीच चप्पल तोंडात धरून टॉफी त्यांच्यापुढे उभा होता. त्यांनी चप्पल घेतली, "आभारी आहे," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आरोपी तुमचा का?"

मी रडायच्या बेतात होते. मी त्याला मारायला हात उगारला तर ते म्हणाले, "थांब! त्याने वस्तू आणून दिली आणि तू त्याला शिक्षा देणार? उद्या तो वस्तू घेऊन पळून जाईल, मग बस बोंबलत." मग टॉफीकडे वळून, "नाव?" मी म्हटलं, टॉफी. "हाक मारायचं नाव नव्हे. कूळ?" ते मला माहीत नव्हतं. "इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल," ते स्वतःच सावकाश म्हणाले, "आरोपीचं पूर्ण नाव घेतल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही." एवढ्यात आतून काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. काकू मालवणच्या, नवऱ्याशी बोलताना मालवणीत, बाहेरच्यांशी बोलतानाही रागावल्या किंवा माया आली की मालवणीतच. मला म्हणाल्या, "अगो बाय, आधी पाणी पी. ह्येंचा आयकत ऱ्हवलंस तर सांज जातली."

काकांची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कागद लावायचे, तारखा द्यायच्या, ही त्यांची कारकुनी. निवृत्त झाले तरी कोर्ट त्यांच्या तोंडातून निवृत्त झालं नव्हतं. काकूंनी चहा आणला की मधली सुट्टी. शेजारची बाई काकूंशी पाण्यावरून वाद घालायला आली की ते पेपरामागून म्हणायचे, "दोन्ही पक्षांनी आवाज खाली ठेवावा." टॉफीला आणि मला शिकवायचं त्यांनीच ठरवलं; शिकवणी संपताना ते कधी "उद्या ये" म्हणाले नाहीत, बोटांवर काहीतरी मोजून, खूप विचार केल्यासारखं करून म्हणायचे, "पुढची तारीख, गुरुवार." आणि टॉफीला बोलवायचं असलं की छाती फुगवून असा पुकारा करायचे, "टॉफीऽऽ हाजीर होऽऽ!" की खालच्या मजल्यावरची तान्ही मुलं दचकून उठायची. पुकारा खरं तर कोर्टात शिपाई करतो. काकांना जन्मभर तो करायची हौस होती आणि अधिकार नव्हता, असं काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं.

कुत्र्याशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा मोठा नियम. चेंडू टाकल्यासारखा हात करायचा आणि चेंडू पाठीमागे लपवायचा, हा खेळ सगळेच करतात; मीही करायची. चाळीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने टॉफीशी तसं केलं, तर काका खुर्चीतून उठले. "ही खोटी साक्ष आहे," ते म्हणाले. मुलगा हसला. "काका, कुत्रा आहे तो. मजा करतोय आपण." काका म्हणाले, "तो मजा करत नाहीये. तो शोधतोय. तू न टाकलेला चेंडू तो अर्धा तास शोधेल, आणि सापडला नाही तर स्वतःला दोष देईल. आता टाक खरा." मुलाने मुकाट्याने टाकला. माणसांना मात्र ते कुत्र्यांच्या जातींत बसवायचे, आणि तोंडावर सांगायचे. पोस्टमन बीगल, कारण वासावर येतो आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. काकू टेरियर, एकदा पकडलं की न सोडणाऱ्या. त्यावर काकू म्हणायच्या, "तुमका कुत्र्यावांगडा लगीन करूक व्हया होतां, माका कशाक फसवलात?" मला ते म्हणाले, "तू पॉइंटर. धोका दिसला की एक पाय वर करून गोठून उभी राहतेस." मला ते लागलं, कारण खरं होतं.

स्पॅनियल म्हणजे काय, हे त्यांनी मला भोईवाड्याच्या मैदानाच्या कडेला उभं राहून शिकवलं. मला वाटायचं टॉफीला सरळ चालताच येत नाही. रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, नाक जमिनीला, शेपूट पंख्यासारखं. मी पट्टा ओढून ओढून त्याला सरळ करायची आणि संध्याकाळी माझा खांदा दुखायचा. काका म्हणाले, "सोड. तो भटकत नाहीये. झडती घेतोय. ह्याच्या खापरपणजोबाला लोक रानात न्यायचे. पुढे हा, मागे बंदूकवाला. उंच गवतात, झुडपात हा घुसणार, एक कोपरा सोडणार नाही, लपलेला पक्षी उडवणार. ह्याच्या रक्तात पंचनामा आहे, आणि तू त्याला फुटपाथने नाकासमोर चालायला सांगतेस." मग म्हणाले, "आता नीट बघ. किती लांब जातो?" मी बघितलं. टॉफी डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पण थोडं अंतर गेला की दर वेळी मान वळवून माझ्याकडे बघायचा आणि मगच वळायचा. इतके महिने मी त्याला सांभाळत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. "बंदुकीच्या टप्प्याबाहेर स्पॅनियल जात नाही," काका म्हणाले. "तू मागे आहेस का, हे तो विचारतोय. तू फक्त असायचं." मी हो म्हटलं. 

ह्या जातीचा लळा त्यांना लागला त्याची कथा तर ते कोणालाही, कुठेही, विचारलं नाही तरी सांगायचे. तरुणपणी त्यांच्या कोर्टात गिरगावातल्या दोन भावांचा खटला आला. वडील वारले आणि वडिलांचा स्पॅनियल कोणाचा, ह्यावरून धाकट्याने मोठ्यावर चोरीची फिर्याद केली. म्हणजे कुत्रा झाला मुद्देमाल. आता मुद्देमालाच्या खोलीत सुरा ठेवता येतो, सायकल ठेवता येते, कुत्रा कसा ठेवणार? त्याला भूक लागते, आणि भूक लागली की तो कामकाजात अडथळा आणतो. न्यायाधीशसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, तर नवा कारकून, म्हणजे काका, टेबलाखालून मुद्देमालाला आपल्या डब्यातली पोळी भरवत होता. साहेब म्हणाले, निकाल लागेपर्यंत ह्याचा ताबा तुमच्याकडे. मग तारखांवर तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला काका कुत्र्याला आंघोळ घालून, कान विंचरून कोर्टात हजर करायचे. आणि शेवटी दोघा भावांचा पायरीवरच समेट झाला, गळ्यात गळे पडले, दोघं एकाच टॅक्सीत बसून जेवायला निघून गेले, आणि कुत्रा राहिला. "ताबा घ्यायला येतील म्हणून मी वाट बघितली," काका सांगायचे. "अजून कोणी आलेलं नाही." तो कुत्रा जाऊन जमाना झाला. त्याच्यानंतर त्यांनी आणखी स्पॅनियल पाळले, गुडघे होते तोवर. आता दारापाशी पट्ट्याची नुसती एक खुंटी होती, तिला कोणी छत्रीसुद्धा अडकवत नसे.

त्यांनी टॉफीसाठी जे जे केलं ते लोकांना हसण्यासारखंच होतं. जेवताना त्याचे कान ताटलीत बुडायचे आणि मग कुजल्यासारखा वास यायचा, म्हणून काकांनी स्वतःचा जुना लोकरी पायमोजा कापून त्याची कानटोपी केली. भर मुंबईच्या उकाड्यात कानटोपी घालून जेवणारा कुत्रा बघायला गॅलरीत गर्दी जमायची. तोंड मऊ आहे का, हे बघायला त्यांनी त्याला कच्चं अंडं आणायला लावलं. शिकार न चुरगाळता आणून देणं हे स्पॅनियलचं खरं शिक्षण. टॉफीने अंडं गॅलरीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत असं आणलं की त्याला तडा गेला नाही. काकांनी ते उजेडाकडे धरून सगळ्या चाळीला दाखवलं. काकू म्हणाल्या, "आता ह्या कोण खातला?" आणि संध्याकाळी त्याचीच पोळी करून काकांना वाढली.

ह्या शिकवणीत एकच घोटाळा झाला. पक्षी उडाला की स्पॅनियलने त्याच्यामागे धावायचं नाही, जागच्या जागी बसायचं. "उडवणं कोणालाही येतं," काका म्हणायचे, "उडाल्यावर बसणं, ती खरी गोष्ट." त्यासाठी ते शिट्टी वापरायचे. एक लांब शिट्टी, की टॉफीने बसायचं, आणि बसला की खाऊ. पण शिकवणी चालायची गॅलरीत, आणि तीही सकाळी, म्हणजे चाळीत घरोघरी कुकर लागायची वेळ. टॉफीला कुठली शिट्टी काकांची आणि कुठली डाळीची, हे कोण सांगणार? तो प्रत्येक शिट्टीला बसायचा. ह्या घरातला कुकर वाजला, बसला. उठतो न उठतो तोच त्या घरातला वाजला, बसला. काका म्हणायचे, "बघ, किती आज्ञाधारक!" काकू आतून म्हणायच्या, "कुकराक बसता तो, तुमका नाय." आमच्या घरीसुद्धा मी भात लावला की टॉफी स्वयंपाकघराच्या दारात पाय जुळवून बसायला लागला. मॅडमना वाटलं मी त्याला काहीतरी संस्कार केलेत.

काकांनी शिकवलं तसं, टॉफीने काही आणलं की मी रागवायची सोडून "शाबास" म्हणायला लागले होते. त्याचा परिणाम असा झाला, की दिवाळीच्या आधी एका सकाळी पोडियमवर योगाचा वर्ग चालू असताना, सगळे डोळे मिटून श्वास घेत असताना, टॉफीने कडेला काढून ठेवलेल्या सगळ्यांच्या चपला एकेक करून माझ्या पायाशी आणून रचल्या. मी "नको रे, नको बापा" म्हणत होते आणि तो दर खेपेला जास्तच खुश होऊन दुसरी आणायला जात होता. वर्गाने डोळे उघडले तेव्हा मी चपलांच्या ढिगात उभी होते. सेक्रेटरीसाहेबांनी त्यातून आपली चप्पल काढली आणि ती पायात न घालता हातात घेऊन ते म्हणाले, "हे जरा अतीच होतंय हां. रविवारी कमिटी बसेल. फायनल."

मी तशीच भोईवाड्यात गेले आणि काकांना सांगितलं. टॉफी गेला तर मी गेले, हे मी त्यांना तोवर कधी बोलले नव्हते. तेव्हा बोलले. काकांनी पेपराची घडी घातली. "वकीलपत्र मी घेतो," म्हणाले.

रविवारी ते आले. कोर्टातला काळा कोट घालून आले. डांबराच्या गोळ्यांचा वास लिफ्टच्या आधी पोहोचला. बरोबर काकू, हातात स्टीलचा डबा. पोडियमवर खुर्च्या मांडून कमिटी बसली होती, बाजूला मॅडम. सेक्रेटरींनी चप्पल खरोखरच पुराव्याला आणली होती. काका म्हणाले, आधी भाषण, मग अंड्याचं प्रात्यक्षिक. तर कमिटीतल्या एकांनी हात वर केला, "सॉरी, पोडियमवर अंडं अलाऊड नाही." काकूंना ह्याची कुणकुण असावी. त्यांनी डबा उघडला. आत उकडीचे मोदक. "ह्या चलात ना?" मोदकाला कोण नाही म्हणणार?

पण त्याआधी काकांचं भाषण व्हायचं होतं. ते उभे राहिले, कोट खाली ओढला, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि थांबले. आम्हाला वाटलं, वकील थांबतात तसे थांबलेत. मग लक्षात आलं की त्यांना शब्द सापडत नाहीयेत. त्यांचे ओठ हलत होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची भाषणं ऐकली होती. स्वतः उभं राहून एक वाक्य बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी तोंड उघडलं आणि जे येत होतं तेच बाहेर पडलं, "टॉफीऽऽ हाजीर होऽऽ!" दोन बाल्कन्यांतून माणसं डोकावली. टॉफी शेपूट हलवत हजर झाला. आणि पुढच्या हुकमाची वाट बघत उभा राहिला.

मी त्यांच्याकडे बघत होते. काकांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "सर, चप्पल जरा उलटी करून बघता का? दात लागलाय का कुठे?" माझाच आवाज मला परका वाटला. सेक्रेटरींनी चप्पल उलटसुलट केली. शेजारच्यांनीही बघितली. "नाही लागलेला," ते म्हणाले, जरा नाराजीनेच. "त्याचं तोंड मऊ आहे," मी म्हटलं. "तो फाडत नाही. आणून देतो. काम मागतोय तो." तेवढ्याने काकांना धीर आला. त्यांनी मोदक उचलला, थोड्या अंतरावर फरशीवर ठेवला, परत आले आणि हुकूम दिला. टॉफी गेला, मोदक इतक्या हळुवारपणे उचलला की एक पाकळी मोडली नाही, अर्ध्या वाटेपर्यंत आला, थांबला, माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि गिळला. काकू म्हणाल्या, "खोबरां ताजां होतां."

कमिटी हसली. मॅडमसुद्धा हसल्या. पण हसणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, हे मला कळत होतं. सेक्रेटरी कागदाकडे वळले. आणि त्याच वेळी वरून कोणीतरी काहीतरी झटकलं, आणि बागेतल्या कुंड्यांमागे बसलेला कबुतरांचा अख्खा थवा फडफडाट करत आमच्या मधून उठला. टॉफीच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला. पट्टा माझ्या हातात नव्हताच. प्रात्यक्षिकासाठी काढलेला होता. काकांनी शिट्टी तोंडाला लावली, पण कोरड्या ओठांतून नुसती फुंकर निघाली. मी गोठले. आणि टॉफी, पुढचे पाय थरथरत, मागचे खाली, बसला. कबुतरं वर गेली. त्याने मान वर करून ती जाईपर्यंत बघितली, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

तो आधी बसला आणि पाठोपाठ पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्याच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, की शिट्टी आधी झाली आणि तो मग बसला, ह्यावर भोईवाड्यात अजून एकमत नाही. काकांच्या मते तो निव्वळ शिक्षणाने बसला. काकूंच्या मते डाळ होती. मी दोघांनाही हो म्हणते.

"आधी अंगावर येत होता ना हा?" ज्या बाईंना मागे धक्का लागला होता त्या कमिटीजवळच बाकावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या. "आता बसतो की. राहू दे." सेक्रेटरींनी पेनचं टोपण लावलं. पट्टा कायम हवा, योगाच्या वेळी कुत्रा खाली आणायचा नाही, एवढं सांगितलं, आणि चप्पल खाली टाकून पायात घातली. वर जाताना लिफ्टमध्ये मॅडम म्हणाल्या, "कर्जतला नको म्हणून कळवते." मी दारावरचे आकडे बदलताना बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर रडले असते.

नंतर मी काकांना सोडायला गेले.  चाळीच्या जिन्यावर ते मधेच बसले आणि कोटाची बटणं काढत म्हणाले, "एवढी वर्षं ऐकत होतो. वाटायचं, येतं आपल्याला." काकू एक पायरी खाली उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या कोटाची धूळ झटकली. "बोललात नाय म्हणान जिंकलात," म्हणाल्या. कधी नव्हे ते त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. काकांचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. त्यांचं मैदानावर येणं बंद झालं; मी टॉफीला घेऊन गॅलरीतच जाते. तो त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपतो आणि काका त्याचे कान कापसाने पुसत बसतात. मागच्या महिन्यात मी सहज विचारलं, "काका, खऱ्या रानात, गवतात स्पॅनियल काम करतो तेव्हा कसा दिसतो हो?" त्यांनी कापूस बदलला, दुसरा कान उचलला.  मग म्हणाले, "मी कुठे पाहिलंय, पोरी? फुटपाथवर एक जुनं पुस्तक मिळालं होतं, त्यात चित्रं होती. माझ्या कुत्र्यांनी कोर्टाचा व्हरांडा हुंगला आणि भोईवाड्याची गटारं. गवत कुठून आणू?"

मी त्यांना आमच्या गावच्या तलावाबद्दल सांगितलं. आमच्याकडे गावोगाव तलाव. धान कापून झालं की पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पलीकडे नजर पोहोचत नाही इतकं पाणी, कडेने माणसाच्या छातीएवढं गवत, आणि त्या गवतात किती प्रकारचे पक्षी बसतात ते मला नावांनिशी सांगतासुद्धा येणार नाही. बगळे येतात, बदकं येतात, सारसांची जोडी येते. काका ऐकत होते. "सारसांना उठवायचं नाही हं," एकदम म्हणाले, जणू आम्ही तिथेच उभे होतो. "त्यांना तसंच राहू द्यायचं. लांबून." मी म्हटलं, नाही उठवणार.

तर मी ठरवलंय. काकांचे उपकार कशाने फिटतील असं मला वाटत नाही, आणि मला फेडून मोकळं व्हायचंही नाही. पण एवढं मी करणार आहे. थंडीत त्यांना आणि काकूंना गावी नेणार. बंदूक नाही, काही नाही. पाळीवर खुर्ची टाकून काकांना बसवणार, पायांवर घोंगडी, शेजारी काकू, आणि टॉफीला गवतात सोडणार. डॉक्टर गुडघ्यांचं काय ते सांगतील. ते नाही म्हणाले तर बैलगाडीतून पाळीपर्यंत नेईन, पण नेईन. परवा मी भावाला फोन केला. घर झाडून ठेव म्हटलं, पुढची खोली रिकामी कर, माझी माणसं येणार आहेत.